मुलांना पायोनियर फार्मवर न्यायचं का, आणि नेलं तर तिथे काय करायचं

केटी गावात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या मराठी शाळेतली पंचवीसेक मुलं, वय ७ ते १३, एका शनिवारी ह्यूस्टनजवळच्या एखाद्या पायोनियर फार्मवर, म्हणजे टेक्सासात सुरुवातीला वस्ती करणाऱ्यांची शेतीवाडी दाखवणाऱ्या ऐतिहासिक पार्कात न्यायची आहेत, जिथे मेणबत्त्या बनवणं, चकमकीने विस्तव पेटवणं, बैल हाकणं असं मुलांना स्वतःच्या हाताने करता येतं. पण पालकांपैकी काही म्हणतायत की चूल आणि बैल आपल्या गावाकडे फुकट दिसतात, इथे तिकीट काढून काय बघायचे, आणि काहींना काळजी आहे की गुलामगिरीचा विषय निघाला तर एवढ्या लहान मुलांना कसं सांगायचं.

मी गेली चौदा वर्षं टेक्सासमधल्या अशा जागांवर व्हॉलंटियर म्हणून काम करतेय, लांब स्कर्ट, एप्रन, बॉनेट घालून चुलीसमोर किंवा कापसाच्या शेतात उभी असते, आणि माझं माहेर हिंगणघाटजवळचं, घरी कापूसच, त्यामुळे या विषयावर मला बरंच बोलायचंय, जरा लांबेल.

आधी थेट उत्तर. न्या, नक्की न्या, पण दिवसभरात एक काम पूर्ण करा, फार तर दोन. आठ स्टेशनं आणि प्रत्येकी पंधरा मिनिटं असा कार्यक्रम कुणी देत असेल तर तो घेऊ नका. शाळांना तोच आवडतो कारण कागदावर भरगच्च दिसतो. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं एका पार्कात (नाव घेत नाही) मेणबत्त्यांच्या स्टेशनवर असेच कार्यक्रम केलेत. तीस मुलं, पंधरा मिनिटं, प्रत्येकाने वात तीनदा बुडवायची आणि पुढे जायचं. तीनदा बुडवून हातात काय येतं, तर किंचित कडक झालेला दोरा. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी तो दोरा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता ही पेटवायची कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, पुढची तीस मुलं दारात उभी होती. त्या दिवसापासून मी घाईचे कार्यक्रम घेणं बंद केलं.

खरी मेणबत्ती व्हायला वात पंचवीस-तीस वेळा बुडवावी लागते. एकदा बुडवली की बाहेर काढून थर गार होऊ द्यायचा, मग परत. घाई करून भांड्यात जास्त वेळ धरली की आधी चढलेले थरही वितळून खाली जातात, आणि मेण फार तापलेलं असेल तरी तेच होतं. म्हणून आम्ही मुलांना रांगेत गोल फिरवतो, बुडवा, चालत मोठा फेरा मारा, तोपर्यंत थर गार होतो, परत बुडवा. पहिल्या सात-आठ फेऱ्यांना काहीच होत नाही असं वाटतं आणि मुलं कंटाळतात, कंटाळू द्यावीत. दहाव्या-बाराव्या फेरीनंतर वात सरळ लोंबायला लागते, अंगठ्याएवढी जाड होत जाते आणि मग तीच मुलं स्वतःहून गप्प होऊन फेऱ्या मारतात, पुढचा हळू चालला तर त्याला ढकलत नाहीत कारण आपला थर अजून ओला आहे हे त्यांना समजलेलं असतं. पाऊण तास जातो. आणि मग सांगायचं की आता ही जपून वापरा, घरात मेणबत्त्या संपल्या की संध्याकाळ चुलीच्या उजेडात काढायची.

आता जागा. ह्यूस्टनहून दीड तासाच्या आत वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोस हे पार्क आहे, ब्राझोस नदीच्या काठावर. २ मार्च १८३६ ला इथेच टेक्सासने मेक्सिकोपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, एका अर्धवट बांधलेल्या लाकडी घरात, त्यावर ५९ जणांच्या सह्या आहेत, आणि त्यानंतर चारच दिवसांनी सॅन अँटोनियोत टेक्सासच्या लोकांनी धरलेला अलामोचा किल्ला मेक्सिकोच्या सैन्यापुढे पडला. त्याच आवारात बॅरिंग्टन लिव्हिंग हिस्ट्री फार्म आहे. अँसन जोन्स हा डॉक्टर, टेक्सास रिपब्लिकचा, म्हणजे तेव्हाच्या स्वतंत्र टेक्सास देशाचा, शेवटचा राष्ट्राध्यक्ष, मूळचा मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टनचा, म्हणून मळ्याचं नाव बॅरिंग्टन. त्याचं राहतं घर मूळ आहे, १९३६ मध्ये ते उचलून या पार्कात आणलं. बाकी स्वयंपाकघर, कोठार, मांस धुरावर टिकवायचं धुरीघर, गुलामांच्या खोल्या हे सगळं जोन्सनेच लिहून ठेवलेल्या नोंदींच्या आधारे नव्याने उभं केलंय. तिथे शेती खरंच होते, मका, कापूस, भाजीपाला, बैलजोडी, डुकरं, कोंबड्या, आणि येणाऱ्यांना कामात हात लावू देतात. मुलांच्या ग्रुपसाठी मी पहिलं नाव याच जागेचं घेईन.

ताई, तुम्ही विस्तव पेटवण्याबद्दल वेगळं विचारलंय, तर थोडं सविस्तर. आपल्या भाषेत भांडणाची "चकमक झडते" पण खरी चकमक झडताना पाहिलेली मुलं (आणि पालक) जवळजवळ नसतात. मुलांना वाटतं ठिणगी दगडातून येते. ती येते पोलादातून, गारेची, म्हणजे चकमकीच्या दगडाची, धार पोलादाचा केसाएवढा कण खरवडते आणि तो कण हवेत जळत उडतो. म्हणून दगडाला ताजी धार हवी, बोथट गोटा कितीही आपटला तरी काही होत नाही. ती ठिणगी झेलायला काळं जाळलेलं सुती कापड लागतं. जुन्या सुती कापडाचे तुकडे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डबीत घालायचे, झाकणाला खिळ्याने बारीक भोक, डबी निखाऱ्यावर ठेवायची, भोकातून धूर यायचा थांबला की बाजूला काढायची आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायची नाही, आधी उघडली की हवा लागून आत नुसती राख. हा तुकडा दगडाच्या वरच्या कडेला अंगठ्याने धरायचा आणि पोलाद वरून खाली घसरतं मारायचं. ठिणगी कापडावर बसली की लाल टिंब दिसतं, मोहरीएवढं, ज्वाळा नसते, ते हळूहळू पसरतं. मग ते टिंब सुक्या गवताच्या घरट्यात ठेवून, घरटं तोंडासमोर धरून लांब लांब फुंकर.

टेक्सासच्या दमट हवेत मोठ्या माणसालाही हे पहिल्यांदा करायला वीस मिनिटं लागतात. बोटांची सालं निघतात. मुलांना दोन-दोनच्या जोडीत बसवा, प्रत्येक जोडीशेजारी एक मोठा माणूस, आणि त्या मोठ्या माणसाला बजावून ठेवा की स्वतः पेटवून दाखवायचं नाही. पालक हमखास हातातून घेतात, "दे मी करतो", आणि मुलाचा सगळा अर्धा तास तिथेच संपतो. नऊ वर्षांच्या खालच्या मुलांना हे देऊ नका, त्यांना मका दळायला किंवा लोणी काढायला बसवा, आणि लोणी निघायलाही बराच वेळ लागतो हे आधीच सांगून ठेवा. तिथली रवी आपल्यासारखी दोरीने घुसळायची नसते, उंच लाकडी पिंपात दांडा वरखाली करायचा असतो.

आता कापूस, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा कार्यक्रम, आणि तुमचा गुलामगिरीचा प्रश्न पण इथेच येतो.

बॅरिंग्टनसारख्या मळ्यावर कापूस हे नगदी पीक होतं आणि तिथे गुलाम म्हणून ठेवलेली काळी माणसं राबत होती. हे सोडून नुसतं "पायोनियर लोक किती कष्टाळू होते" असं सांगितलं तर आपण मुलांशी खोटं बोलतोय. पायोनियर म्हणजे कोण हा प्रश्न मुलांसमोर यायला हवा. ही जमीन टोंकावा, कारांकावा अशा लोकांची होती, मग मेक्सिकोची. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली तर टेक्सासने त्यातून सूट मिळवली, आणि १८३६ च्या रिपब्लिकच्या घटनेत गुलामगिरी कायदेशीर ठेवली, इतकंच नाही तर मालकाला स्वतःच्या गुलामाला काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) संमतीशिवाय मुक्तही करता येऊ नये, करायचं तर त्याला देशाबाहेर पाठवावं, असं लिहिलं. ज्या गावात स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला त्याच गावात ही घटना लिहिली गेली, त्याच मार्च महिन्यात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे नीट कळतं, उलट तीच जास्त अवघड प्रश्न विचारतात.

लहानांना शब्दांनी कमी आणि हाताने जास्त कळतं. मी काय करते ते सांगते. प्रत्येक मुलाला एक पिशवी, आणि वीस मिनिटं कापूस वेचायचा. आमच्याकडे वेचणीला बायका कमरेला ओटी बांधतात, इथे खांद्यावरून लांब पोतं ओढत न्यायचे. पक्व बोंड उमललं की त्याच्या सुकलेल्या पाकळ्यांची टोकं नखासारखी कडक होतात आणि कापूस ओढताना बोटांत घुसतात. माझ्या आईची नखांच्या कडेची कातडी दर दिवाळीला फाटलेली असायची, तेच या मुलांच्या बोटांवर पाचव्या मिनिटाला दिसायला लागतं. वीस मिनिटांनी काट्यावर वजन करायचं. अर्धा पौंड भरतो, चपळ मुलाचा पाऊण. मग त्यांनाच हिशोब करायला लावायचा, बारा तास असंच वेचलं तर किती होईल, पाणी प्यायला न थांबता. अठरा ते सत्तावीस पौंड. आणि मग सांगायचं की १८५० च्या आसपास दक्षिणेतल्या मोठ्या मळ्यांवर तरबेज माणसाकडून दिवसाला दीडशे-दोनशे पौंड वेचून घेत, संध्याकाळी तराजू, आणि कमी भरलं तर चाबूक. तुमच्या वयाची मुलं पण शेतात असायची, आणि या कापसाचा एक पैसा त्यांचा नसायचा.

मी यापुढे काही बोलत नाही. मुलं आपापल्या पिशवीकडे बघतात. एकदा एका मुलाने हळूच विचारलं होतं, "आणि आजारी असलं तर?" त्यावर मला जे खरं माहीत होतं ते सांगितलं.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका, कुठल्याही पार्काने ऑफर केली तरी. मुलांना गुलाम आणि मालक असे रोल देऊन नाटक नाही, लिलावाचा खेळ नाही, पळून जायचा खेळ नाही. काम करून बघणं वेगळं आणि दुसऱ्याची वेदना खेळायला घेणं वेगळं. मुलं एकतर हसतात नाहीतर घाबरतात, आणि वर्गात एखादं काळं मूल असेल तर त्याच्यावर काय गुदरतं याचा विचार करा.

वेचलेल्या कापसाचं पुढचं काम म्हणजे सरकी काढणं. इथला कापूस आखूड धाग्याचा, सरकीला घट्ट चिकटलेला, हाताने सोलत बसलं तर एका माणसाच्या दिवसभरात जेमतेम पौंडभर रुई निघते. मुलांना पाच बोंडं सोलायला द्या, पुरे होतं. १७९४ मध्ये एली व्हिटनीने जिनचं, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राचं, पेटंट घेतलं आणि हे काम यंत्राने भराभर व्हायला लागलं, तेव्हा वाटेल की माणसांचे कष्ट कमी झाले असतील. झालं उलटं, कापूस परवडायला लागला म्हणून लागवड वाढली, वेचणी हातानेच करायची होती, म्हणून गुलामांची मागणी वाढली आणि कापूस आणि गुलामगिरी दोन्ही पश्चिमेकडे सरकत टेक्सासपर्यंत आली.

"गावाकडे दिसतंच की" म्हणणाऱ्या पालकांना यापुढची गोष्ट जरूर सांगा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांनी मोर्चा मुंबईकडे वळवला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे भाव कुठल्या कुठे गेले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअर्सचा सट्टा पेटला. १८६५ च्या वसंतात युद्ध थांबलं, भाव कोसळले आणि मुंबईत पेढ्यांचं दिवाळं निघालं. त्याच १८६५ च्या १९ जूनला गॅल्व्हेस्टनमध्ये टेक्सासमधल्या गुलामांना ते मुक्त असल्याचा हुकूम वाचून दाखवला गेला, इथे जूनटीन्थची सुट्टी असते ती त्याचीच. हिंगणघाटची मुलगी मी, ही जोडणी मला शाळेत कुणी सांगितली नव्हती, ब्राझोसच्या काठावर बोंड सोलताना समजली. आपल्या मुलांची दोन्ही घरं या एका पिकाने बांधलेली आहेत, ती त्यांना दाखवायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

शिवाय गावाकडे मुलं बैल बघतात, हाकत नाहीत. इथल्या बैलांना वेसण नसते, कासरा नसतो. मानेवर लाकडी जू आणि गळ्याखालून वर जाणारी वाकवलेली लाकडी कमान, बस. हाकणारा डाव्या बाजूने चालतो आणि फक्त आवाजावर चालवतो, "जी" म्हटलं की उजवीकडे, "हॉ" म्हटलं की डावीकडे, "व्हो" म्हटलं की थांब. माझे वडील इथे आले होते तेव्हा त्यांनी तासभर हे बघितलं, मग जवळ जाऊन जुवाखालच्या मानेवर हात फिरवला, घट्टा आलाय का ते तपासायला, आणि मग समाधानाने मान हलवली. शेतकऱ्याला आधी काय दिसतं ते तिथे उभ्या मुलांनी पाहिलं, मला ते शब्दांत सांगता आलं नसतं.

आणि घरच्या मोठ्यांचा विषय निघालाच आहे तर, गेल्या वर्षी एका कुटुंबाबरोबर पंच्याहत्तरीचे एक आजोबा आले होते, पाहुणे म्हणून सहा महिन्यांसाठी, दिवसभर कंटाळलेले, मुलगा-सून फोटो काढतायत आणि हे एका बाकावर. मी चाती घेऊन बसले होते, नातवाला सूत जमत नव्हतं, सारखं तुटत होतं. आजोबा उठले, म्हणाले, "आम्हाला शाळेत टकळी होती." माझ्याकडचं साधन वेगळं, हवेत लोंबणारं, लोकरीसाठीचं जड. त्यांनी दोन-तीनदा हातात तोलून पाहिलं, मग टोक एका वाटीत टेकवलं, उजव्या हाताने फिरकी दिली आणि डाव्या हाताने पेळू मागे ओढत नेला, आणि धागा यायला लागला, बारीक, एकसारखा, हात खांद्याच्या मागे जाईपर्यंत. साठ-पासष्ट वर्षांनी. नातवाने आजोबांना असं काही करताना कधी पाहिलंच नव्हतं. मग तो तिथून हलेना, आणि त्या दोघांनी जेवणाची वेळ घालवली.

आता काही कामाच्या गोष्टी ज्या इंग्रजी माहितीपत्रकात आपल्या दृष्टीने लिहिलेल्या नसतात. शाकाहारी घरं असतील तर बुकिंग करतानाच विचारा की मेणबत्त्या कशाच्या आहेत. त्या काळात चरबीच्या असत, बहुतेक गाईच्या किंवा मेंढीच्या, आणि काही पार्कं अजूनही अस्सल म्हणून तेच वापरतात. मधमाशीचं मेण मागितलं तर बहुतेक ठिकाणी देतात. साबणाचं तसंच, राखेचं पाणी आणि डुकराची चरबी. कॉर्नब्रेडच्या (मक्याच्या ब्रेडच्या) लोखंडी भांड्यालाही आतून चरबी लावतात, तेल किंवा लोणी लावायला सांगता येतं, फक्त आयत्या वेळी सांगू नका. हिवाळ्यात डुकरं कापून मांस टिकवण्याचे कार्यक्रम होतात, खऱ्या जीवनाचाच भाग तो, पण लहान मुलांचे पालक तयार नसतील तर तो शनिवार टाळा.

कपडे सुती किंवा लोकरी. पॉलिस्टरचे जर्सी, लेगिंग्ज चुलीजवळ नकोत, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतात, सुती कापडाला नुसतं भोक पडतं. ओढणी नको, मुलींच्या वेण्या आणि लांब केस बांधून. बूट बंद, कारण लाल मुंग्या, सॅंडल घालून कोणी आलं तर मी त्याला शेतात सोडत नाही. जून ते ऑगस्ट नेऊ नका, मुलं उन्हाने गळून जातात आणि लक्षात फक्त ऊन राहतं. फेब्रुवारी-मार्च चांगला, २ मार्चच्या जवळच्या वीकेंडला स्वातंत्र्यदिनाची मोठी जत्रा असते पण गर्दीत हाताने करायला फारसं मिळत नाही, ग्रुपसाठी त्याच्या आगेमागे जा. कापूस वेचायचा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि निघायच्या आठवड्यात फोन करून बोंडं उमललीत का ते विचारा, पावसावर अवलंबून असतं.

फोनवर मी असते तर हे विचारीन, एका कामाला किती मिनिटं देता, एका माणसामागे किती मुलं (विस्तवाजवळ सहाच्या वर नकोत), मुलांनी केलेली वस्तू घरी नेता येते का, आणि गुलामांच्या खोल्यांमध्ये कोण काय सांगतं. शेवटच्या प्रश्नाला समोरची व्यक्ती अडखळली नाही, नीट बोलली, तर ती जागा चांगली आहे असं समजा.

पंचवीस मुलांचे दोन गट करा. सकाळी एक गट मेणबत्त्या (नऊच्या खालची मुलं यातच), दुसरा विस्तव, जेवणानंतर सगळे कापसात. आणि आजी-आजोबा इथे असतील त्यांना घेऊन या, घडीच्या खुर्च्या बरोबर ठेवा, शेताच्या कडेला बसायला जागा नसते.